बूट घालतानाची धून

प्रिय मास्तरीणबाई,

पत्र बघून दचकू नकोस. घर जागेवर आहे, मी जागेवर आहे, आणि खिडकीतल्या कुंड्यांपैकी एक सोडून बाकी सगळ्या जिवंत आहेत. जी गेली ती तू असतानाच मरायला टेकली होती, तेव्हा ते खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस. पत्र लिहायचं कारण असं की फोनवर आपलं बोलणं पुरं होत नाही. मी दुकानाचं बोललो की नातू गाढ झोपलेला असतो. पियानोचं नाव काढलं की तो नेमका उठतो आणि तू फोन ठेवतेस. एवढंसं पोर आजीची इतकी बाजू घेतं, म्हणजे मोठेपणी नक्की वकील होणार. पत्रात त्याला मध्ये पडता येणार नाही. तू लेकीच्या बाळंतपणापुरती म्हणून गेलीस, आता बाळ पालथं पडायला लागलं. आधी त्याची सर्दी होती, मग लेकीची रजा संपली, मग तिथला पाळणाघराचा घोळ. कारणं सगळी खरी आहेत, मी कुठे नाही म्हणतोय.

जाताना तू दारात उभी राहून, माझ्याकडे न बघता सांगितलंस, मी परत यायच्या आत तो पियानो कुणाला तरी देऊन टाक. त्याचं काय केलं हे तुला सांगायचंय. पण ओळीने सांगू दे. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो, शेवटचं पान आधी वाचलंस तर तुला काही कळणार नाही.

तू गेलीस आणि दुकानात एक चमत्कार झाला. माझी शिवण सरळ यायला लागली. कोटाच्या अस्तराला, पॅंटच्या दुमडीला, कुठेही वाकडा टाका म्हणून नाही. आधी मला वाटलं नवीन चष्म्याचा गुण. मग लक्षात आलं की वरच्या मजल्यावर कुणी वाजवत नाहीये. तुझी शिकवायची खोली बरोबर माझ्या मशीनच्या डोक्यावर. मशीन चालू असताना वरचे बारीक सूर मला कधीच ऐकू यायचे नाहीत, ते सगळे मशीनच्या खडखडाटात बुडून जायचे. खाली यायचे ते फक्त जाड सूर. लाकडी तक्तपोशीतून भिंतीत, भिंतीतून माझ्या कापायच्या टेबलात. म्हणजे बघ, बाकीचं जग तुझं वादन ऐकत आलं, आणि मी इतकी वर्षं नुसता तुझा डावा हात ऐकत आलो. तो कुठे चालतो, कुठे थबकतो, हे मला माझ्या मशीनच्या पायडलाइतकं पाठ आहे.

आणि नेमका तोच हात. आपण त्याबद्दल कधी बोललोच नाही. न्हाणीघरात पाय घसरला, मनगट मोडलं, प्लास्टर निघालं आणि शेवटची दोन बोटं आखडून राहिली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, जेवढं आलं तेवढं आलं. घरी येऊन तू पियानोचं झाकण लावलंस, त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग ठेवलास आणि विद्यार्थ्यांना सांगितलंस की वय झालं आता. रडली असतीस तर मी निदान पाण्याचा ग्लास तरी आणला असता. तू भाजी निवडत बसलीस, आणि मी खाली जाऊन एका गिऱ्हाइकाच्या बाह्या उलट्या जोडल्या. मला फार वाईट वाटलं होतं, आणि काय म्हणायचं ते सुचलं नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही, म्हणून दुसरंच काहीतरी सांगतोय.

तर तुझ्या त्या दातांच्या डॉक्टरीणबाई. गुरुवारी दवाखाना आटपून शिकायला यायच्या त्या, उंच, मोठ्याने हसणाऱ्या. त्या एकदा पांढरा कोट आखूड करायला घेऊन आल्या. कोट टेबलावर टाकला आणि म्हणाल्या, मास्तर, वरचा पियानो बंद ठेवलाय ते चांगलं नाही, न वापरलेलं यंत्र आखडतं. त्यांच्या घरी पियानो नाही, वाजवायची सवय सुटत चालली होती. मी म्हटलं, विकायचाच आहे तर चालता तरी राहू दे, या तुम्ही. तेव्हापासून त्या गुरुवारी येतात. इस्त्रीचा ढीग मी उचलून तुझ्या पलंगावर ठेवला आहे. आल्यावर बोल हवं तेवढं.

एके दिवशी मी चहा घेऊन वर गेलो आणि त्यांना म्हटलं, ती बूट घालतानाची धून वाजवा. तुला माहीतच आहे कुठली. शिकवणी संपली की मुलं जिन्याच्या तोंडाशी बूट घालायला बसायची आणि तू त्यांना निरोप म्हणून वाजवायचीस ती. तिला नाव नाही आणि ती कागदावरही नाही. मला खाली कळायचं की आता जिन्यावरून पोरांचा लोंढा येणार, टाचण्यांचा डबा आत घ्यावा. डॉक्टरीणबाईंनी उजव्या हाताने सूर बरोबर काढला, पण डावा हात त्यांना आठवेना. म्हणाल्या, आम्ही नाड्या बांधण्यात गर्क असायचो हो. मी म्हटलं, डावा हात मला येतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या रोग्याने स्वतःच स्वतःचा दात उपटतो म्हटल्यावर त्या बघत असतील.

येतो म्हणजे काय, मी तो तोंडाने गुणगुणून दाखवला. मग त्यांनी मला तुझ्या स्टुलावर बसवलं आणि माझी बोटं धरून पट्ट्यांवर ठेवली. करंगळी सी नावाच्या पट्टीवर, मधलं बोट ईवर, अंगठा जीवर. तिन्ही एकदम दाबली की ही झाली पहिली कॉर्ड. मग तिन्ही बोटं एकेक पांढरी पट्टी उजवीकडे, ही झाली दुसरी. माझी बोटं कात्री धरून जाड झालेली, एक पट्टी दाबायला जावं तर शेजारणीलाही धक्का. डॉक्टरीणबाई सवयीने म्हणतात, अजून मोठा करा, अजून, दुखतंय का? हाताचंच बोलतात, पण मला तोंड उघडावंसं वाटतं. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी रोज बसायला लागलो. तू हसशील. हस, पण पुढे वाच.

काही दिवसांनी पहिलीवरून दुसरीवर न अडखळता जायला लागलो आणि माझा विरस झाला. सूर बरोबर होते, आणि धून ती नव्हती. वाजायची तशी, पण अस्तर न लावलेल्या कोटासारखी, अंगावर बसेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबर तर आहे की, आणखी काय हवं? मी म्हटलं, या दोन कॉर्डच्या मध्ये काहीतरी असायचं. काय असायचं ते मला सांगता येत नाही, पण ते आलं की माझा पाय मशीनवर थांबायचा. खरंच थांबायचा. तुझ्या त्या एका जागेपायी मी किती दुमडी वाकड्या केल्या असतील याचा हिशेब ठेवला नाही हे बरं. त्या म्हणाल्या, मास्तर, कॉर्डच्या मध्ये कसली आली कॉर्ड. पण माझा पाय खोटं बोलणार नाही हे मला माहीत होतं.

आणि मग एका सकाळी माझ्या जाड करंगळीनेच काम केलं. पहिली कॉर्ड धरली होती, पुढच्या कॉर्डकडे जायची घाई झाली, आणि करंगळी सीवरून घसरून शेजारच्या काळ्या पट्टीवर चढली. बाकीची दोन बोटं आपली जागेवरच. मी हात उचलणार तोच ऐकू आलं. तीच जागा. ना इकडची ना तिकडची, जिन्याच्या मधल्या पायरीवर उभं राहून एक पाय पुढे टाकल्यासारखी. तिच्यावरून दुसरी कॉर्ड दाबली आणि ती अशी बसली, जसा बेतलेला खांदा बसतो. मी इतक्या जोरात उठलो की डोकं दिव्याच्या शेडवर आपटलं. शेडला पोचा आला आहे, तेही आल्यावर बोल. दुकान त्या दिवशी उशिरा उघडलं. समोरचा चष्मेवाला विचारत होता, बरं आहे ना? मी म्हटलं, सापडलं. त्याला वाटलं, किल्ली.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंना वाजवून दाखवलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. अहो, हा तर डिमिनिश्ड, कॉर्डचाच एक प्रकार. बाईंनी मला शिकवला होता, पण मी दर वेळी गाळायची. एकटा वाजवला की भीती वाटते, पडद्यामागून खुनी येतोय असं वाटतं. तू म्हणे त्यांना रागवायचीस की एकटा वाजवूच नका, त्याला दोघांच्या मध्ये ठेवा, मग तो कसा वागतो बघा. आता त्यांना कळलं. मग त्यांनी मला त्याची बांधणी सांगितली. चौथा सूर घातला की तो पुरा होतो, आणि चारही सूर एकमेकांपासून सारख्या अंतरावर असतात. सारख्या अंतरावर म्हटल्यावर मी काय केलं असेल ते तू ओळखलं असशील. गळ्यातली टेप काढली आणि पट्ट्यांवर लावली. अंतर सारखं येईना. एकीकडे जास्त, एकीकडे कमी. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की तुमचा डिमिनिश्ड चुकीचा बेतलाय. त्या हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. टेपने नाही मास्तर, पट्ट्यांनी मोजा, काळ्या आणि पांढऱ्या सगळ्या धरून, एकेक पट्टी म्हणजे अर्धं पाऊल. तसं मोजलं तर प्रत्येक सुरापासून पुढचा सूर बरोबर तिसऱ्या पट्टीवर. चारचौघांना समान वाटणी. मग मात्र मला हे प्रकरण आवडलं. कापडात असं नीट काही निघत नाही.

नवं शिकलं की जे होतं ते आमचंही झालं. आम्ही दोघांनी दिसेल त्या गाण्यात डिमिनिश्ड घालायला सुरुवात केली. साध्या बालगीतात घातला, वाढदिवसाच्या गाण्यात घातला. प्रत्येक दोन कॉर्डच्या मध्ये एक, कधी दोन. तिसऱ्या दिवशी चष्मेवाला जिना चढून वर आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, वहिनींचं काही बरंवाईट तर नाही ना? त्याला वाटलं मी दुःखाने हे असलं वाजवतोय. तेव्हा मला माझे शिकाऊ दिवस आठवले. खिसा शिवता यायला लागला तेव्हा मी एका सदऱ्याला पाच खिसे लावले होते, एक तर पाठीवर. माझ्या मास्तरांनी विचारलं, इथे कुणाचा हात जाणार आहे? तेच इथे. हा डिमिनिश्ड भारी आहे म्हणून नुसता ओतायचा नाही. जिथून निघालोय ते माहीत आणि जिथे जायचंय तेही माहीत, अशा दोघांच्या मध्येच तो हवा, तोही चटकन, हलक्या मात्रेवर. तुझ्या धुनेत तो दोनदाच येतो. पहिल्यांदा असा जाता जाता. आणि दुसऱ्यांदा शेवटी, पुरा चार सुरांचा, लांब धरलेला.

आणि इथे माझी गाडी अडली. कारण त्या लांब धरलेल्या कॉर्डनंतर खाली काही ऐकूच यायचं नाही. तुझ्या पायाचा पेडलवर धप्प आवाज यायचा आणि मग डावा हात गायब. वर नेमकं काय चालायचं ते मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तू पायाने ती कॉर्ड घुमत ठेवायचीस, डावा हात उचलून मुलांना टाटा करायचीस आणि उरलेला शेवट एकट्या उजव्या हाताने वाजवायचीस. मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं या धुनेचा शेवट मी कधी ऐकलाच नाही. तो मशीनच्या आवाजात आणि पोरांच्या धावण्यात गेला. माझ्या लेखी ती धून रोज त्या मधल्या पायरीवरच थांबायची, आणि मला वाटायचं की ती तेवढीच आहे.

मी म्हटलं, शेवट शोधून काढू. डॉक्टरीणबाईंना अर्धवट आठवत होता, तो त्यांनी वाजवला. मग पोस्टमनची मुलगी दुकानात आली, तिला विचारलं, तर तिने वेगळाच गुणगुणला. बॅंकेतला तो लाजरा कारकून, तुझा सगळ्यात हळू विद्यार्थी, त्याने तिसरा सांगितला. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आल्या, त्यांचा चौथा. एका शनिवारी चौघेही वर जमले आणि अशी हमरीतुमरी झाली की विचारू नकोस. कारकून, जो कधी मान वर करून बोलत नाही, तो म्हणाला, बाई असंच वाजवायच्या, मी शपथेवर सांगतो. पोस्टमनची मुलगी म्हणाली, शपथ घ्या नाहीतर काही घ्या, असं नव्हतंच. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना खाली बसवलं, ती चार सुरांची कॉर्ड धरली आणि एकेक बोट अर्धं पाऊल खाली सरकवून बघायला लागल्या. करंगळी सरकवली तर कारकुनाचा शेवट. मधलं बोट सरकवलं तर चित्रकलेच्या बाईंचा. तर्जनी सरकवली तर मुलीचा, अंगठा सरकवला तर त्यांचा स्वतःचा. चारही सूर सारख्या अंतरावर ना, म्हणून कुठलाही एक जरा हलवला की वेगळ्याच घराचं दार उघडतं. एका मापात चार गिऱ्हाइकं. चौघेही खरं बोलत होते.

 डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाई रोज वेगळा शेवट करायच्या. सोमवारच्या पोरांना एक दार, गुरुवारी आम्हाला दुसरं. आणि आम्ही प्रत्येक जण समजत होतो की धून ही एवढीच. मी जिन्यात जाऊन बसलो. मला तुझा इतका अभिमान वाटला आणि तितकाच रागही आला. एकाच घरात, एकाच ताटात जेवून, हे मला कधी सांगितलं नाहीस.

आता हॉटेलवाल्यांचं. तूच चष्मेवाल्याकरवी त्यांना निरोप दिला होतास, हे मला नंतर कळलं. ते आले, जाडजूड गृहस्थ, बोलायला गोड, बूट मात्र करकरणारे. सोबत दोन हमाल आणि दोरखंड. त्यांना पियानो हॉटेलच्या बैठकीत ठेवायचा आहे. सगळीकडून ठोकून बघितला, म्हणाले, आवाज ऐकवा. डॉक्टरीणबाई दवाखान्यात. मग मीच बसलो. माझा डावा हात तेवढा वाजवला. पहिली कॉर्ड, मधली, दुसरी, आणि चढत चढत त्या शेवटच्या लांब कॉर्डपर्यंत. पेडल धरला आणि थांबलो, कारण पुढे मला काही येत नाही. सूर घुमत राहिला. हॉटेलवाले मान पुढे काढून उभे. एक हमाल दोर हातात घेऊन तसाच. जिन्यातला दुसरा म्हणाला, वाजवा की पुढे, असं मध्येच काय सोडता. मी म्हटलं, पुढचं माझ्याकडे नाही, बायकोकडे आहे. हॉटेलवाल्यांनी रुमालाने मानेवरचा घाम पुसला. म्हणाले, मग त्या कधी येतात? हे असं अर्धवट ऐकून मी गेलो तर मला जेवण जाणार नाही. त्या येऊ द्या, शेवट ऐकतो आणि मग काय ते ठरवू. आणि हमालांना घेऊन गेले. तेव्हा मास्तरीणबाई, पियानो विकलेला नाही. तुझं पहिल्यांदा ऐकलं नाही असं म्हणणार नाही, पण एवढ्या मोठ्या गोष्टीत पहिल्यांदाच.

आता लेकीवर रागावायचं नाही असं आधी वचन दे. त्या संध्याकाळी मी तिला फोन केला, हॉटेलवाल्यांची गंमत सांगितली, रिसीव्हर पियानोवर ठेवला आणि बाळाला ऐकवायला म्हणून तेच वाजवलं. बाळ रडत होतं. शेवटच्या कॉर्डवर ते रडायचं थांबलं, अंगठा तोंडात न घालता हवेतच धरून बसलं. लेक म्हणाली, बाबा, हॉटेलवाल्यांसारखंच करतंय. पण पुढे जे तिने सांगितलं ते बाळाबद्दल नव्हतं. तिचा फोन स्पीकरवर होता आणि तू स्वयंपाकघरात होतीस. तुझा हात भांड्यावर थांबला. कोण वाजवतंय म्हणून विचारलंस, ती म्हणाली, टीव्ही. तू म्हणालीस, टीव्हीवाल्याची करंगळी फार जड आहे. आणि मग ओट्याकडे तोंड करून, तुझ्या उजव्या हाताने ओट्याच्या कडेवर काहीतरी वाजवलंस. शेवटपर्यंत. लेकीने दारातून बघितलं. कुठलं दार होतं ते तिला कळलं नाही, ओट्याला आवाज नसतो.

म्हणून हे पत्र. तुझं स्टूल मी काढून माळ्यावर टाकलं आहे. त्याच्या जागी एक बाक केला, सुतार ओळखीचाच होता, आणि त्यावर गादी मी शिवली, दोघांच्या मापाची. तुझं माप मला विचारावं लागलं नाही. डाव्या बाजूला माझी जागा, तिथे बसून बसून आधीच थोडा खळगा पडला आहे. उजवी बाजू अजून कोरी आहे. मी रोज सकाळी त्या कॉर्डपर्यंत येतो, पेडल धरतो आणि थांबतो. चष्मेवाला म्हणतो, तुझ्यामुळे मला दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. तुझी दोन बोटं उघडत नाहीत, ती न उघडोत. त्यांचं काम आता माझ्याकडे आहे, मी ते खालून नीट ऐकून शिकलोय. त्या आखडलेल्या हाताने तुला फक्त टाटा करायचं आहे, आणि शेवट एकट्या उजव्या हाताचा आहे, तो तुझा शाबूत आहे. एकदा वाजव. मशीन बंद असेल, मी खाली नसेन, तुझ्या शेजारी असेन, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ती धून संपलेली ऐकू येईल. त्यानंतरही विकावासा वाटला तर हॉटेलवाल्यांना मी स्वतः फोन लावेन, आणि बाक फुकट देईन. बाळाला पाळणाघर मिळालंय हे लेकीने मला सांगितलं आहे. गाडी कुठली पकडतेस तेवढं कळव, मी स्टेशनवर येतो.

तुझाच,
डावा हात

ता. क. करंगळी जड आहे हे मान्य. आल्यावर शिकव.